उजवा हात घरी आहे

मी बेस गिटार बोलतेय. नंदकिशोर आणि क्षमाच्या घरातली. मुलुंडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, हॉलच्या कोपऱ्यात लाकडी स्टँडवर उभी असते. मला चार जाड तारा आहेत आणि आवाज खोल, घुमणारा. गाण्यात लोकांना गाणारा ऐकू येतो, ड्रम ऐकू येतो, साधी गिटार ऐकू येते. मी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण मी मध्येच थांबले तर ऐकणारा मान वर करतो. काहीतरी कमी झालं, म्हणतो. काय, ते त्याला सांगता येत नाही.

माझा जन्म साकीनाक्याचा. तिथे एका गल्लीत काशीराम मेस्त्रींचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. माणूस कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसा काशीरामांनी रंधा हातात घेतला. कपाटं, पलंग, देव्हारे बनवायचे. एकदा एक ऑर्केस्ट्रावाला परदेशी बेस गिटारचा फोटो घेऊन आला आणि अशी बनवाल का म्हणून विचारू लागला. काशीरामांनी फोटो लांब धरून पाहिला.

"लाकडाचीच आसा ना? मग बनवतंय."

गावाहून आणलेली फणसाची एक जाड फळी त्यांनी स्वतःच्या घरच्या देव्हाऱ्यासाठी जपून ठेवली होती. तिच्यातून माझं अंग कापलं. मान सागाची, मानेवरची फळी शिसवाची, तिच्यावर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या; दोन पट्ट्यांमधलं ते एक घर. तारा, खुंट्या, आवाज पकडणारे पिकअप त्या ऑर्केस्ट्रावाल्याने आणून दिले. रंग मात्र काशीराम लावू देईनात. "फनसाक रंग फासलंय तर तेचो जीव घुसमटात," म्हणाले. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून त्यांनी महिनाभर माझ्या अंगावरून हात फिरवला. एक हात सुकला की दुसरा. शेवटी मी हळदीसारखी पिवळी झाले.

पण मला न्यायला कुणी आलंच नाही. ऑर्केस्ट्रा बंद पडला की माणूस गाव सोडून गेला, कोण जाणे. दोन वर्षं मी खिळ्याला टांगून होते. भुश्श्याखाली माझा पिवळा रंग दिसेनासा झाला.

२००५ च्या डिसेंबरात एक जोडपं वर्कशॉपमध्ये आलं. लग्न महिन्यावर आलेलं. नंदकिशोर औषध कंपनीच्या ऑफिसात नोकरीला आणि क्षमा पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रक्त काढायच्या कामावर. नव्या घरासाठी कपाट आणि ड्रेसिंग टेबल सांगायला आले होते. क्षमा आरशाचा आकार हाताने दाखवत होती आणि नंदकिशोर माझ्याकडे बघत उभा होता.

"मेस्त्री, ही कुणाची?"

"ऑर्डरीची आसा. पन ऑर्डर देणारो दोन वर्सां झाली, येवक नाय."

"वाजवून बघू?"

त्याने शर्टाच्या बाहीने माझ्यावरचा भुस्सा पुसला, स्टुलावर बसला आणि हनुवटी माझ्या खांद्याला टेकवली. अ‍ॅम्पला म्हणजे आवाज वाढवणाऱ्या खोक्याला जोडलेलं नसलं की माझा आवाज फार लांब जात नाही. वाजवणाऱ्याच्या हाडांतून जातो. त्याला हे माहीत होतं. डोळे मिटून त्याने दहा-बारा सूर वाजवले.

"तुला गिटार येते?" क्षमाने विचारलं.

"कॉलेजात वाजवायचो. मित्राची होती."

"मला कधी बोलला नाहीस."

"विषय निघाला नाही."

क्षमाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मेस्त्री, ड्रेसिंग टेबल राहू दे. कपाटाच्या दारालाच आतून आरसा लावा. आणि ही आम्हाला द्या."

"अगं क्षमा..."

"गप रे. असा चेहरा तुझा साखरपुड्यालासुद्धा नव्हता."

अशी मी मुलुंडला आले. काशीरामांनी मला जुन्या चादरीत गुंडाळून दिलं आणि नंदकिशोरला बजावलं, कोरड्या फडक्यानेच पुसायची, पाण्याने नाही. पुढे ते वर्कशॉप भावाला देऊन गावी गेले असं कानावर आलं.

नंदकिशोर मला खूप वाजवायचा असं नाही. ऑफिस, वाणसामान, आजारी वडील, सगळं होतंच. पण संध्याकाळी अर्धा तास माझा असे. क्षमा समोर खुर्चीत भाजी निवडत किंवा पेपर वाचत बसे. तिने कधी वाहवा केली नाही, कधी "आता पुरे" असंही म्हटलं नाही. फणसाचं लाकूड वयात येतं तसा माझा रंग गडद होत गेला. पिवळीची केशरी झाले, केशरीची गुळासारखी तपकिरी.

मग त्याला त्याच्यासारखेच आणखी काही वेडे भेटले. महिन्यातून एका रविवारी सकाळी पार्ल्याला सुबोधकडे जमायचं. सुबोध दातांचा डॉक्टर. दुसरी रुचिरा, वयाने सगळ्यांत लहान, घाटकोपरची, कॉम्प्युटरमधली, पाच तारांची बेस वाजवणारी. वाजवणं तासभर आणि गप्पा तीन तास. कुठल्या लाकडाचा आवाज कसा, जुन्या तारा बऱ्या की नव्या, चकचकीत पॉलिश बरं की नुसतं तेल. माणसं लग्नाच्या स्थळाबद्दल बोलणार नाहीत इतक्या बारकाईने हे आमच्या अंगाबद्दल बोलायचे.

"नंदू, तुझीचं हे जुनं पॉलिश काढ रे," सुबोध म्हणायचा. "मस्त काळी करून घे. झकास दिसेल."

"वेडा आहेस का?" रुचिरा उसळायची. "हा रंग डब्यात मिळतो का कुठे? ह्याला वीस वर्षं लागतात."

सुबोधकडे पाच बेस होत्या आणि पाचही काळ्या. त्याने एकदा हळू आवाजात कारण सांगितलं. "सगळ्या एका रंगाच्या घ्यायच्या. नवी आली तरी बायकोला कळत नाही."

नेमकी त्याची बायको शर्मिष्ठा पोह्यांच्या बशा घेऊन आत येत होती. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "सुबोध, प्रत्येकीचं डोकं मागून बघ."

त्याने एकेक बेस उलटवून पाहिली. पहिलीच्या खुंट्यांमागे लाल टिकली चिकटवलेली. दुसरीच्या मागे मरून. मग हिरवी, मग चॉकलेटी.

"पाचवी मंगळवारी आली," शर्मिष्ठा म्हणाली. "तिची टिकली आणायची राहिलीये. लपवतोस कशाला रे? सोफ्यावर मला बसायला जागा ठेव, एवढंच."

सगळे पोटभर हसले. रुचिराचा नवरा केयूर कोपऱ्यात मोबाइल बघत बसायचा, तोही हसला. त्याला सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोचा अ‍ॅम्प जिने चढून तोच आणायचा. "मला सूर नाही, वजन कळतं," म्हणायचा.

"माझी तर बायकोनेच घेऊन दिली," नंदकिशोर म्हणाला.

"तू बोलूच नकोस यार," सुबोधने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

अशा सकाळी मला वाटायचं, हे असंच चालणार.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. रविवार होता, पार्ल्याला निघायचं होतं. नंदकिशोर पलंगाच्या कडेला बसून मला सुरात लावत होता. अचानक त्याचा डावा हात माझ्या मानेवरून घसरला. त्याने परत ठेवला. परत घसरला.

"क्षमा, इकडे ये गं जरा. बोटं ऐकत नाहीयेत."

ती पोळी लाटता लाटता आली. त्याचा चेहरा बघून तिथेच थबकली. "हस बघू," म्हणाली. तो एका बाजूनेच हसला. "दोन्ही हात वर कर." डावा हात अर्ध्यातून खाली आला. तिने एक क्षणही घालवला नाही. माझा पट्टा त्याच्या गळ्यातून काढला, मला पलंगावर टाकलं, शेजाऱ्यांना हाक मारली आणि पिठाच्या हातानेच त्याला घेऊन गेली. मी पाच दिवस तशीच उताणी पडून होते. छताकडे बघत.

पक्षाघाताचा झटका होता; ती वेळेत पोचली म्हणून तो वाचला. बोलणं शाबूत राहिलं, दोन महिन्यांत चालायलाही लागला. डावा हात मात्र मुठीसारखा मिटला तो मिटलाच. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी मऊ चेंडू दिला होता दाबायला. चार दिवस दाबला, मग तो चेंडू खिडकीत पडून राहिला. सुबोध, रुचिरा भेटायला आले तेव्हा क्रिकेटवर बोलले, पावसावर बोलले. माझं नाव कुणी काढलं नाही. नंतर नंदकिशोरने त्यांचे फोन घेणंच सोडलं. मला पिशवीत घालून कपाटामागे सारलं.

आठ महिन्यांनी एका दुपारी पिशवीची चेन उघडली. समोर अनोळखी चेहरा. अंधेरीहून आलेला आकाश नावाचा तरुण. नंदकिशोरने मला विकायची जाहिरात ऑनलाइन टाकली होती आणि क्षमाला सांगितलं नव्हतं.

आकाशने चांगलं वाजवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आठ महिन्यांनी कुणीतरी हात लावला होता.

"काका, आवाज कडक आहे. मी घेतो. फक्त हे जुनं पॉलिश घासून काढेन आणि काळा स्प्रे मारेन. चालेल ना?"

"तुझी झाली की मला काय विचारतोस?" नंदकिशोर खिडकीबाहेर बघत म्हणाला.

तेवढ्यात कुलूप वाजलं. क्षमा लॅबमधून लवकर आली होती. दारातच तिने सगळं बघितलं. चपला काढल्या, पर्स ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "बाळा, तुला उगीच फेरा पडला. ही विकायची नाहीये. चहा घेऊन जा."

आकाश बिचारा चहा न घेताच गेला. दार बंद झालं आणि घरात भांडण पेटलं.

"मला न विचारता तू त्याला परत कसं पाठवलंस?"

"तू मला विचारलं होतंस?"

"ती माझी आहे!"

"आपली आहे. माझं ड्रेसिंग टेबल आहे ते."

नंदकिशोर खाली बसला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "क्षमा, ती कपाटामागे आहे हे मला रोज माहीत असतं. जेवताना, झोपताना. नाही सहन होत मला."

क्षमा त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. मला सहा महिने दे. तोपर्यंत ती तुला दिसणार नाही. त्यानंतरही वाटलं तर मीच त्या मुलाला फोन करेन."

त्या शनिवारी ती मला रिक्षात घालून घाटकोपरला रुचिराकडे घेऊन गेली. नंदकिशोरला वाटलं, ठेवायला नेली. रुचिरालाही तसंच वाटलं.

"मला शिकव," क्षमा म्हणाली.

"तुम्ही? काकू... म्हणजे, शिकवते की!"

शनिवारी तिला अर्धा दिवस असे. दर शनिवारी दुपारी ती यायची. मला इतक्या अनाडी बोटांनी कधी कुणी धरलं नव्हतं. तारा दाबताना ती दात आवळायची, श्वास धरायची. बोटांना फोड आले, फुटले, परत आले. एकदा रुचिराने तिचा हात उलटा करून पाहिला.

"काकू, ह्या बोटांनी तुम्ही कामावर..."

"नस ह्याच बोटाने चाचपायचे मी," क्षमाने डाव्या हाताची तर्जनी दाखवली. "आता ते जाड झालं, काही कळत नाही त्याला. म्हणून उजव्या हाताने चाचपायला शिकले. इतक्या वर्षांची सवय, पण जमतंय."

पहिले दोन महिने क्षमा डाव्या हाताने तारा दाबायची आणि रुचिरा शेजारी बसून उजव्या हाताने छेडायची. दाबणं जरा बसल्यावर रुचिरा म्हणाली, "चला, आता उजवा हात. दोन बोटं, आलटून पालटून. सोपं आहे."

"उजवा नको शिकवूस," क्षमा म्हणाली.

"मग वाजणार कसं?"

"उजवा हात घरी आहे."

रुचिराला कळायला क्षणभर लागला. केयूरने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग रुचिरा उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. "बरं. मग डावा एकदम पक्का करू," एवढंच म्हणाली.

सहा महिने पुरे व्हायला आठवडा होता. रविवारी सकाळी केयूर छोटा अ‍ॅम्प आणि मला घेऊन मुलुंडला आला, हॉलमध्ये ठेवून लगेच गेला. नंदकिशोर सोफ्यावर पेपर वाचत होता.

"हे काय आता?"

क्षमाने त्याच्या हातातून पेपर काढून घेतला, माझं अंग त्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः त्याच्या डाव्या बाजूला खेटून बसली. माझी मान तिच्यासमोर आली. तिने खालून हात घालून सगळ्यांत जाड तार दाबली.

"वाजव."

"क्षमा, हा काय तमाशा लावलायस?"

"तिसऱ्या घरात दाबलीये मी. बोट दुखतंय. लवकर वाजव."

त्याने माझ्या मानेकडे पाहिलं. पाहायचं नव्हतं त्याला, पण पाहिलं. "तिसरं नाही, ते चौथं घर आहे."

"मग सांग ना नीट!"

"एक खाली घे. हां. पट्टीच्या जवळ. अजून."

आणि त्याने तार छेडली. एकच सूर. चौदा महिन्यांनी. स्वयंपाकघरातल्या रॅकमध्ये एक ताट थरथरलं. नंदकिशोरचं बोट तारेवरच राहिलं.

"दुसरा," क्षमा म्हणाली आणि बोट सरकवलं.

त्या दिवशी त्यांनी चार सूर वाजवले आणि तीन वेळा भांडले.

"तू लवकर सोडतेस."

"तू उशिरा वाजवतोस."

"मला आजवर कुणी उशीर झाला म्हटलं नव्हतं!"

"आजवर दोन्ही हात तुझेच होते."

ते भांडण ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आजारपणानंतर, ते एक भांडण सोडलं तर, दोघं एकमेकांशी फार जपून बोलत होते.

मग रोज संध्याकाळ. क्षमाचा उजवा हात मोकळा असायचा. त्या हातात ती त्याची मिटलेली मूठ धरायची आणि तिच्यावर ठेका धरायची. नंदकिशोर पक्का मास्तर. तिला तिची चूक दाखवता यावी म्हणून तो स्वतःहून फिजिओथेरपीला जायला लागला. "बोट सरळ झालं तर हिला नीट दाखवता येईल," असं त्या बाईंना म्हणाला म्हणे. खिडकीतला चेंडू सोफ्यावर आला.

दिवाळीनंतरच्या रविवारी ते पार्ल्याला गेले. नंदकिशोर जिन्यातच अडला. "परत जाऊ या," म्हणाला. "लोक बघतील, कीव करतील."

"कीव करायला त्यांना सुचलं पाहिजे," क्षमा म्हणाली. "सुबोध तुझ्या पॉलिशवरून सुरू होईल बघ."

तसंच झालं. सुबोधने दार उघडलं, दोघांना बघितलं, मला बघितलं. मग म्हणाला, "अजून काळी नाही केलीस तू हिला?"

ते दोघं सोफ्यावर खेटून बसले आणि वाजवलं. मध्ये क्षमाचं एक बोट चुकलं, नंदकिशोरने "अगं" म्हटलं, पण थांबले नाहीत. 

"आमच्याकडे पाच गिटारींना एक माणूस," शर्मिष्ठा म्हणाली. "इथे एका गिटारीला दोन."

"परत वाजवा," रुचिरा म्हणाली. "तो मधला भाग. क्षमाकाकू, तिथे घाई होतेय तुमची."

आज माझं असं चाललंय. नंदकिशोरची तर्जनी आता सरळ होते. सगळ्यांत जाड तार दाबून दोन ठेक्यांपुरती धरून ठेवते, मग दमते. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, पण किती ते सांगता येणार नाही. म्हणून आमच्यात वाटणी झालीये. जाड तार त्याची, बाकीच्या तीन तिच्या. मध्येच दोघांची बोटं एकमेकांवर आदळतात आणि दोघंही मलाच दोष देतात.

गेल्या महिन्यात क्षमानेच विषय काढला. "आता मला उजवा पण शिकव." त्याने शिकवला. रुचिरापेक्षा कडक, पण शिकवला. आणि परवाच्या रविवारी ती पहिल्यांदा एकटी वाजवायला बसली. नंदकिशोर समोरच्या खुर्चीत. साधीच चाल होती, लहान मुलंही वाजवतील अशी. ती हळूहळू, जीभ दातात धरून, न थांबता शेवटपर्यंत गेली.

तो खुर्चीत पुढे सरकून बसला. क्षमा घाबरली. "चुकलं का रे?"

"नाही," तो म्हणाला. "मी हिला समोरून कधी ऐकलीच नव्हती. वाजवताना वाटायचं, आपलं आपल्यातच राहतं, बाहेर काही जात नाही. हे समोरच्या माणसापर्यंत येतं गं."

"मला माहीत आहे," क्षमा म्हणाली. "मी समोरच बसत होते ना."

तुमच्या घरी कुणी गात असेल, काही वाजवत असेल, तर कधीतरी हातातलं काम ठेवून त्याच्यासमोर बसा. आणि वाजवणारे तुम्ही असाल, तर एखाद्या दिवशी वाद्य दुसऱ्याच्या हातात देऊन तुम्ही समोर बसा. मी बेस गिटार, माझ्याकडून एवढंच मागणं. चला, येते मी. सहा वाजले. क्षमाने तारा पुसल्या, नंदकिशोर सोफ्यावर उजव्या अंगाला सरकलाय आणि तिला म्हणतोय, "ये लवकर, आणि आज घाई करू नकोस."